हात सैल सोडा, ताई

पुतणीच्या लग्नाचा चुडा भरायचा होता. आमच्या घरात लहानमोठी धरून अकरा मनगटं. घरी कासार बोलवायची पद्धत आमच्याकडे होती, पण गल्लीतले कासारकाका वारले, त्यांचा मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला आणि दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मग नवरीपुरती एक बाई घरी बोलावली आणि बाकीच्या आम्ही जमेल तशा स्टेशनबाहेर जाऊन भरून यायचं ठरलं. नोव्हेंबर २०२४. तुळशीचं लग्न होऊन दोन दिवस झाले होते आणि विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले होते, म्हणजे डोंबिवलीत वाजंत्री आणि भोंगे यांतलं काय कुठून येतंय ते कळू नये असे दिवस. पूर्वेला एका बोळाच्या तोंडाशी फळीवर बांगड्यांचे गठ्ठे मांडून बसणारा एक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचा माणूस आहे. तिशीचा असेल. बायको मागे स्टुलावर बसून सुतळी सोडून मापं लावते. त्याने माझ्या हाताकडे नुसतं बघितलं आणि तिला म्हणाला, "दो-छह." लग्नात मी दोन-चारची होते. पंचवीस वर्षांत वाढलेलं हे एवढंसं माप त्याने एका नजरेत सांगितलं आणि मला उगाचच वाईट वाटलं.

बांगडी भरून घेताना हात आपला राहत नाही. तो माझी चारही बोटं एकत्र दाबतो, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आत दुमडतो, हाड जिथे अडतं तिथे क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "हात सैल सोडा, ताई." हे तो स्वच्छ मराठीत म्हणतो, 'ळ' येत नाही पण 'सैल' व्यवस्थित येतं. परपुरुषाने हात धरला तर गहजब करणाऱ्या आमच्या घराण्यांत कासाराला मात्र कायम मुभा होती. तो चुडा भरून झाला की बायका त्याला वाकून नमस्कार करायच्या. मी लहानपणी करत असे. इथे फळीपुढे उभं राहून तो करायचा की नाही, या विचारात असताना सहावी बांगडी कडकन गेली. मी "अरेरे" म्हणायच्या आत तोच म्हणाला, "वाढली, ताई." फुटली नाही म्हणाला. बांगडी फुटत नाही, वाढते, हे त्याला कोणी शिकवलं असेल?

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी प्रचाराची रिक्षा येऊन थांबली. पुढे ट्रॅफिक होता म्हणून थांबलीच. आत माणूस नव्हता, नुसतं रेकॉर्ड केलेलं भाषण. टाळ्या आणि शिट्ट्यासुद्धा रेकॉर्ड केलेल्या. आवाज तापलेला. "परप्रांतीयांचे लोंढे रोज उतरतायत, आणि आम्ही काय नुसतं बघत बसायचं? आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?" मग शिट्ट्या. माझा डावा हात त्याच्या दोन्ही हातांत होता आणि सातवी बांगडी हाडावर अडकलेली. "क्या बोल रहे हैं, ताई?" त्याने मान वर न करता विचारलं. "इतना जल्दी बोलते हैं, समझता नहीं." मी म्हटलं, "कुछ नहीं. चुनाव का है."

खोटं बोलले.

घरी येताना दोन्ही हातांनी किणकिणत होते आणि डोक्यात तेच. त्याला खरंच कळलं नव्हतं, की मी काय सांगते ते तो बघत होता, कोण जाणे. आठ-नऊ वर्षं इथे राहणाऱ्याला 'परप्रांतीय' हा एक शब्द तरी नक्की कळत असणार. पण मला सांगता का आलं नाही? वाक्याचा पहिला अर्धा भाग त्याच्या तोंडावर सांगायची लाज वाटली हे ठीक. दुसरा अर्धा भाग तर माझ्यावर होता. गंमत म्हणजे तो भाग भाषांतर करून सांगावाही लागला नसता. 'हमने चूड़ियाँ नहीं पहन रखी हैं' हे त्याच्याकडचे पुढारीसुद्धा तितक्याच जोशात म्हणतात. भाषेवरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले हे दोघे बाईच्या मनगटापाशी आले की एकाच भाषेत बोलतात. अडचण होती ती 'लोंढे'ची.

माझ्यासाठी लोंढा हे आधी एक स्टेशन होतं. माझं माहेर खानापूरचं, बेळगाव जिल्ह्यातलं. गोव्याला जायचं तर लोंढा जंक्शन. पुढे तिनईघाट, कॅसलरॉक, दूधसागर. पावसाळ्यात लोंढ्याला फलाटावर उतरलं की ओल्या सागाचा वास आणि इंजिनाची वाफ एकत्र नाकात जायची. आजी पितळी डब्यातून दशम्या काढायची, आणि गाडी किती वेळ थांबणार यावर मोठ्या माणसांचं एकमत कधी व्हायचं नाही. 'लोंढ्याला उतरणारी माणसं' म्हणजे आमच्यासाठी मामा, मावशी, लग्नाचं वऱ्हाड. मुंबईला लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा वर्तमानपत्रात 'लोंढे' वाचलं आणि मला क्षणभर ते गावाचं नावच वाटलं.

मग तोच शब्द मी वीस वर्षं तपासला. मी एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते. 'लोंढे थोपवा', 'लोंढ्यांमुळे शहर कोलमडले', 'लोंढ्यांना रोखणार कोण?' असले मथळे हाताखालून गेले. 'लों'वर अनुस्वार आहे की नाही, 'ढ्यां'वर आहे की नाही, एवढं मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. शब्द कधी बघितला नाही. पुराचं पाणी येतं तेव्हा त्यात कोण आहे हे कोणी विचारत नाही. धरण बांधतात, बांध घालतात, दरवाजे बंद करतात, आणि हे सगळं करणाऱ्याला कोणी निर्दय म्हणत नाही. माणसाला एकदा पाणी म्हटलं की पुढची सगळी क्रियापदं तयारच असतात. मथळा लिहिणारे आमचे उपसंपादक दुष्ट नव्हते. त्यांना दोन कॉलमांत बसेल असा शब्द हवा असायचा, आणि 'कामासाठी आलेली माणसं' दोन कॉलमांत बसत नाहीत.

आता हेही लिहायला हवं की तो शब्द ऐकून माझ्या आतलं काहीतरी दरवेळी 'हो, हो' म्हणत असे. मी सीमाभागातली मुलगी. १ नोव्हेंबरला इतरांकडे कर्नाटक राज्याचा वाढदिवस, आमच्याकडे काळा दिन. वडील काळी फीत लावून सायकलफेरीला जायचे. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव पेटलं तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि 'मराठी पाहिजे तर महाराष्ट्रात जा' हे वाक्य मी दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी ऐकलेलं आहे. जिथे आमच्या सात पिढ्यांची राख मिसळली तिथून आम्हाला जा म्हणत होते. त्यामुळे डोंबिवलीत उतरल्यावर, जिथे पाट्या मराठी, भाजीवाली मराठी, भांडणं मराठी, मला जो सुटल्याचा अनुभव आला तो अजून आठवतो. पुढे पाट्या बदलायला लागल्या, लिफ्टमध्ये आपोआप हिंदी सुरू व्हायला लागलं, तेव्हा छातीत जे दाटून यायचं ते काही भाडोत्री नव्हतं.

माझे सासरे संगमेश्वरचे, गिरणीत होते. साठच्या दशकात 'मार्मिक' साप्ताहिकात मोठमोठ्या कंपन्यांतल्या परप्रांतीय, बहुतेक दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या, वर मथळा 'वाचा आणि थंड बसा', आणि चाळीच्या गॅलरीत एक जण मोठ्याने आडनावं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, हे ते रंगवून सांगत. नोकऱ्या मिळत नव्हत्या हे खोटं नव्हतं. याद्याही खोट्या नव्हत्या. पण साहेबाच्या खुर्चीवरचा राग शेवटी उतरला तो रस्त्यावरच्या लुंगीवर. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी.' सासरे हे म्हणताना अजून हसायचे, कारण घोषणा म्हणून ती झकासच आहे, जीभ आपोआप वळते. मी एकदा म्हटलं, "आप्पा, पण तुम्हीही बाहेरूनच आलात ना मुंबईत? सासूबाई तर वीस वर्षं गावीच राहिल्या मनीऑर्डरची वाट बघत." आप्पा म्हणाले, "आम्ही चाकरमानी. आम्ही बाहेरून नाही आलो, आम्ही खालून आलो." कोकणाला खालचा भाग म्हणायची ती पद्धत. उत्तर मला पटलं नव्हतं, पण त्यातला तोरा आवडला होता.

लुंगी, बांगडी. आज लिहिताना लक्षात येतंय की दोन्ही अंगावर घालायच्या वस्तू आहेत. कोणाला मोजायचं नाही म्हटलं की त्याच्या विचारांपर्यंत, पगारापर्यंत जायची गरज पडत नाही. नेसलंय काय, घातलंय काय, एवढ्यावर काम भागतं.

आणि मी काही निव्वळ ऐकणारी नव्हते. बदलापूर लोकलमध्ये बायकांच्या डब्यात एका संध्याकाळी दारातच एक बाई बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर मूल, शेजारी चटईची वळकटी. ठाण्याला मुसंडी मारून आत शिरताना माझा पाय वळकटीत अडकला आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठून कुठून येतात हे लोंढे." डब्यातल्या चारजणी हसल्या. मला बरं वाटलं त्या हसण्याचं, म्हणजे आपण एका बाजूच्या आहोत असं. ती बाई एकटी होती. एका माणसाचा लोंढा कसा होतो हे मुद्रितशोधकाने तरी बघायला हवं होतं.

या सगळ्या बोलण्यातला राजा शब्द म्हणजे 'भूमिपुत्र'. नोकऱ्यांत ऐंशी टक्के भूमिपुत्र, फेरीवाल्यांत भूमिपुत्र, प्रकल्पग्रस्त भूमिपुत्र. मागणी अनेकदा रास्तही असते, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण या शब्दात मुलगी कुठे बसते, हे मी एकदा सेक्शनमध्ये विचारलं तर सहकारी म्हणाले, "अहो, पुत्र म्हणजे दोन्ही आलं." दोन्ही येत नाही. मुलगी 'परक्याचं धन' असते हे आपणच ठरवलेलं आहे. ती जिथे जन्मते तिथली राहत नाही आणि जिथे जाते तिथली असल्याचं तिला आयुष्यभर सिद्ध करावं लागतं. भूमिकन्या म्हणून आपल्याला एकच ठाऊक आहे. तिला आधी वनवासात नेलं, मग पळवलं, मग सोडून दिलं, आणि शेवटी जिच्या पोटातून आली त्याच भूमीत ती परत गेली. तिने कुठे ऐंशी टक्के मागितले?

२०११ च्या जनगणनेत ४५ कोटींहून अधिक माणसांनी आपण दुसरीकडून आल्याचं सांगितलं. त्यात दर तिघांत दोन बायका. आणि कारण विचारल्यावर सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर, लग्न. म्हणजे या देशात मूळ ठिकाण सोडून निघालेल्यांचा सर्वांत मोठा जथा हा माझ्यासारख्यांचा आहे, हळदीचे हात, मुंडावळ्या, मागे रडणारी आई. आमच्यामुळे शहरं कोलमडली असं कोणी म्हणालेलं नाही. आमचा माप ओलांडून गृहप्रवेश होतो, आणि कधी कधी नावही बदलतात. मी बेळगावहून मुंबईला आले त्याच आठवड्यात शेजारच्या चाळीत आझमगढहून एक तरुण आला. तो टॅक्सी धुवायचा. आम्ही दोघं परराज्यातून आलो. मी लक्ष्मी झाले, तो भय्या झाला. खरं तर 'भय्या' म्हणजे भाऊ, पण आपण तो शब्द असा उच्चारतो की त्यातला भाऊ कधीच मरून गेला आहे.

बांगड्यांचा आहेर मी एकदा जवळून पाहिलेला आहे. जमिनीचे उतारे मराठीतून मिळावेत म्हणून गावातल्या बायकांचा मोर्चा एका सरकारी कचेरीवर गेला होता, त्यात माझी आई. आदल्या दिवशी आई आणि शेजारच्या काकी मनियारकडे गेल्या. तो मुसलमान, पिढीजात बांगडीवाला, आमच्या सगळ्यांच्या हातांची मापं त्याला पाठ. साहेबाला द्यायच्यात म्हटल्यावर त्याने विचारलं, "माप?" आणि सगळ्या खिदळल्या. तरी आईने घासाघीस सोडली नाही; अपमान करायच्या बांगड्याही तिला डझनामागे आठ आणे कमी करून हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी उन्हात दोन तास घोषणा दिल्यावर पाचजणींना आत सोडलं. मी आईच्या पदराला धरून. काकींनी हिरव्या बांगड्या टेबलावर ठेवल्या आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, काम जमत नसेल तर या भरा. साहेब कानडी माणूस, चष्मा कपाळावर. त्याने बांगड्या उचलल्या, एक उजेडाकडे धरून बघितली, आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "चांगल्या हैत. बायकोला देतो." मग वर्तमानपत्रात नीट गुंडाळून खणात ठेवल्या.

परतताना बसमध्ये बायका आधी चिडल्या, मग हसल्या, मग गप्प झाल्या. आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या बसच्या गचक्यांनी वाजत होत्या. त्या हातांनी पहाटे चार म्हशींचं दूध काढलेलं होतं. मोर्च्याचा फलक रात्री तिनेच रंगवला होता, कारण बापूंचं, माझ्या वडिलांचं, अक्षर वाईट. कचेरीच्या फाटकावर शिपाई आडवा आला तेव्हा त्याला ढकलणारी तीच होती. दिवसभर पुरुष करणार नाहीत ते तिने केलं, आणि ते करायला जाताना बरोबर काय नेलं, तर दुबळेपणाची खूण म्हणून स्वतःच्याच हातातली वस्तू. हे तेव्हा मला दिसलं नाही. तेव्हा मला आई फार शूर वाटली होती, आणि अजूनही वाटते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'रणरागिणी' असा शब्द आला होता, तो तिने कापून देवघराच्या फळीला चिकटवला. सभेच्या भाषेत बाईला जागा मिळते ती अशीच. एकतर रणरागिणी, नाहीतर माता-भगिनी. सातबाऱ्यावर नाव नसलेली, फलक रंगवून बोटं काळी झालेली बाई त्यात मावत नाही.

बापू १९९८ च्या पावसात गेले. तेराव्याच्या आधीच एक म्हातारी आत्या आईला मागच्या पडवीत घेऊन गेली. मी दारात होते. आत्याने एक गुळगुळीत दगड धुऊन आणला होता, तो धुतला होता हे मला का आठवतं कळत नाही. आईने स्वतःच दोन्ही हात पुढे केले. हिरव्या काचा पडवीच्या शेणाच्या जमिनीवर पडल्या आणि आत्या रडत रडत म्हणाली, "वाढवल्या गं बाय." इतका दयाळू शब्द, आणि त्याच्या आडून काय चाललं होतं! नंतर कित्येक महिने आई भाकरी थापायची तेव्हा नुसता पिठाचा आवाज यायचा. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि सरकारने इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं, तेव्हा मी ती बातमी आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं केलं." मग थोडं थांबून, "आता मला मेलीला कुठलं माप येतंय." पुढच्याच वर्षी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव मंत्रालयातून निघाला आणि बायकांनीच ओरड करून तो हाणून पाडला. आईला तो सांगितलाच नाही.

तर बहिणी. २०२४ च्या जुलैत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मी लाडक्या बहिणीचे फॉर्म भरून देत बसले होते. महिना दीड हजार. पाच-सहा घरची भांडी घासणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत त्या दीड हजाराने काय उतरलं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे त्या पैशाला नावं ठेवायचा अधिकार मी स्वतःला देत नाही. जालन्याच्या आमच्या कमलने त्यातून पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता स्वतःचे दात डॉक्टरला दाखवले. नावाचंच तेवढं कोडं पडतं. तिजोरीतला पैसा हा जनतेचा पैसा असतो. तो नागरिक म्हणून मिळाला तर हक्क, बहीण म्हणून मिळाला तर ओवाळणी. पहिले हप्ते राखीच्या तोंडावरच पडले. ओवाळणीचा हिशेब कोणी विचारत नाही, आणि भाऊ नाराज झाला तर काय, हे प्रत्येक बहिणीला ठाऊक असतं. वर्षभराने छाननी सुरू झाली तेव्हा 'अपात्र बहिणी' हा शब्दप्रयोग छापून आला. मी निवृत्त झाले होते, नाहीतर त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली असती. केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. भाऊ एवढा जवळचा, तरी विचारणार नवऱ्यालाच.

त्या फॉर्मच्या कागदपत्रांत एक ओळ होती ती मी दोनदा वाचली. अधिवासाचा दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल. आणि जन्म परराज्यात झालेल्या बाईने महाराष्ट्रात राहणाऱ्या पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. ही मी. उत्पन्नाच्या अटीत बसत नव्हते म्हणून सुटले, नाहीतर खानापूरच्या मराठी शाळेचा माझा दाखला, ज्याच्यासाठी बापूंनी लाठ्या खाल्ल्या, तो इथे उपयोगाचा नव्हता. माझं मराठीपण आप्पांच्या मुलाच्या दाखल्यावर उभं. प्रचाराची दुसरी रिक्षा, 'लाडक्या बहिणींनो' म्हणणारी, त्या दिवशी बोळावरून गेली तेव्हा फिरोजाबादची ती बायको सुतळीला गाठ मारता मारता आपणहून म्हणाली, "हमारा नहीं हुआ, दीदी. काग़ज़ पूरे नहीं थे." तक्रार नव्हती, नुसती माहिती.

आणि जी नवऱ्याच्या दाखल्याशिवाय, एकटीच येते ती? २००५ साली राज्यात डान्सबारवर बंदी आली तेव्हाच्या बातम्या माझ्याकडे असायच्या. 'बारबाला' एक शब्द की दोन, यावर आमच्या सेक्शनमध्ये अर्धा तास चर्चा झाली होती. पाऊण लाख बायका हा आकडा तेव्हा रोज छापला जायचा. त्या बाहेरच्या आहेत, बांगलादेशी आहेत, मराठी घरं बुडवताहेत, अशी भाषणं व्हायची. गावोगावच्या बायका बंदीच्या बाजूने होत्या, कारण त्यांचे नवरे पैसे उधळून यायचे हे खरंच होतं. पण त्या भाषणांत उधळणारा पुरुष हा बिचारा भोळा मराठी संसारी, आणि बिघडवणारी ती बाहेरून आलेली. तीन-तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदी नव्हती. तिथली संस्कृती बहुधा आधीच मजबूत असावी. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम केलं. मधल्या सात वर्षांत त्या पाऊण लाख मनगटांचं काय झालं, याची बातमी माझ्याकडे तपासायला आल्याचं मला आठवत नाही. 'बारबाला' आम्ही एक शब्द ठरवला होता.

लग्न पार पडलं. निकाल लागला. चुडा उतरवायचा नसतो, आपोआप वाढेपर्यंत ठेवायचा, त्यामुळे डिसेंबरात माझ्या हातात कुठे चार, कुठे तीन अशा उरल्या होत्या. भांडी लावताना त्यांचा आवाज येई आणि रिक्षा आठवे. एका दुपारी परत त्या बोळात गेले, कारण दोन्ही हातांना विषम बांगड्या मला सहन होत नाहीत. तो माल आणायला गेला होता, बायको एकटीच होती. ती मला बसा म्हणाली आणि स्वतः हात धरला. तिची बोटांची टोकं अगदी सपाट, गुळगुळीत, रेषा पुसल्यासारखी. मी बघतेय हे बघून म्हणाली, "जुड़ाई का है." भट्टीतून निघालेली काच कापली की प्रत्येक बांगडीला तोंड उरतं. ते ज्योतीवर धरून जोडायचं काम फिरोजाबादला घरोघरी बायका-मुली करतात. ती सात वर्षांची असल्यापासून करायची. दिवसाला किती तोडे, म्हणजे बांगड्यांचे गठ्ठे, जोडले की किती पैसे, हे ती सांगत होती आणि माझ्या हाडावरून बांगडी सरकवत होती. बांगडी जोडलेली जागा बोटाने चाचपली तर लागते, एक बारीक गाठ. पन्नास वर्षं बांगड्या घालूनही मला ती कधी लागली नव्हती.

तिला मी सांगितलं. का ते माहीत नाही, बहुतेक ती बाई होती म्हणून. "वो उस दिन, रिक्शा में," मी म्हटलं, "वो बोल रहा था कि हमने हाथ में चूड़ियाँ नहीं भरी हैं."

ती हसली. हसता हसता तिने फळीवरच्या गठ्ठ्यांवरून नजर फिरवली, खरंच शोधत असल्यासारखी. "मर्दों का नाप रखते नहीं, दीदी. दो-बारह मँगवाना पड़ेगा." मग थोडा विचार करून, "एडवांस लेंगे."

दुसरा अर्धा भाग, लोंढ्याचा, तोंडाशी आला होता. तिने माझा अंगठा आत दुमडला.

"हात सैल सोडा," ती म्हणाली.